काचेतलं गोकुळ

कोरीडोरस नावाचा मासा डोळा मारतो. खरंच! माशाला पापणी नसते हे शाळेत शिकलेलं मलाही आठवतंय. पण हा बोटाच्या दोन पेरांएवढा जीव वाळूत मिशा खुपसून खाणं हुडकता हुडकता मधेच थांबतो, बुबुळ खट्कन खाली फिरवतो, पुन्हा वर आणतो आणि परत कामाला लागतो. समोर बसलेल्या माणसाला वाटतं, यानं आपल्याला ओळख दिली! पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून टाकीपुढे उभं केलं. गॅसवर चहा उतू गेला, पण कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण तेवढ्यात कोरीनं दुसऱ्यांदा डोळा मारला होता.

आता मला हे सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही. भेटेल त्याला सांगतेच आहे, म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आम्ही शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरचे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, कडवी नदीकाठचं गाव. पुढं आंबा घाट, एका बाजूला विशाळगड आणि पावनखिंड, उत्तरेला चांदोलीचं जंगल. पाण्याचा आणि माशांचा आम्हाला काही तुटवडा नाही. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागले की अख्खं गाव टोपली-फडकं घेऊन धावतं. मरळ, वांब, मुरी ही नावं लहान पोरांनाही पाठ असतात. पण ही सगळी ओळख ताटातली. जिवंत मासा नुसता बघायचा म्हणून घरात आणायचा, तर आमच्याकडे दोनच नमुने: दवाखान्याच्या बाकड्यासमोर गोल भांड्यात फिरणारा एकटा गोल्डफिश, नाहीतर आरोग्य केंद्रानं डासांच्या अळ्या खायला पाण्याच्या टाकीत सोडलेले गप्पी. मलाही एवढंच माहीत होतं. कम्युनिटी टँक हा प्रकार मी पहिल्यांदा पुतणीच्या सासरी, पुण्यात पाहिला. एकाच टाकीत तीन-चार जातींचे छोटे मासे, दाट हिरवी झाडी, आणि कुणी कुणाच्या वाटेत नाही. पुढून तांबूस थवा जातोय, खाली वाळूत कुणी उकरतंय, वर तरंगत्या पानांखाली कुणीतरी पिवळंधमक निवांत थांबलंय. तिथून मला कुणी हलवू शकेना.

परत आल्याबरोबर कोल्हापूर गाठलं. दुकानात शिरले आणि हे द्या, ते द्या, ते निळं-लाल चमकणारं द्या, असं सुरू केलं. दुकानदार वयस्कर माणूस. त्यांनी जाळी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, मासं मागनं बघू. पाणी कुठलं तुमचं?"

या एका प्रश्नानं माझ्यासाठी सगळा खेळच उलटा झाला. मी समजत होते की आधी आवडीचे मासे निवडायचे आणि मग त्यांना पाण्यात सोडायचं. निवड खरं तर पाण्यापासून सुरू होते! आपल्या नळाला, विहिरीला, बोअरला जे पाणी येतं ते ठरवतं की आपल्याकडे कोण सुखानं नांदेल. आणि आपल्या बायकांना हे शास्त्र केव्हाचं माहीत आहे. बोअरच्या पाण्याला डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरे थर धरतात, तेव्हा आपण म्हणतो 'पाणी जड आहे'. जड म्हणजे त्यात चुना, मॅग्नेशियम विरघळलेलं आहे. पाऊस झऱ्यातून-ओढ्यातून झटपट वाहून येतो तेव्हा त्याला खडकातलं काही विरघळवून घ्यायला फुरसतच मिळत नाही. शिवाय आमच्याकडचा खडक काळा बेसाल्ट, वर जांभा. चुनखडीचे डोंगर इथं नाहीतच. म्हणून घाटाकडचं वाहतं पाणी हलकं. बोअरचं पाणी मात्र खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरत पडलेलं, ते जड होणारच.

दुकानदारांनी टीडीएस मीटर दिला. पाण्यात टोक बुडवायचं, पडद्यावर आकडा येतो. घरी येऊन मी काय काय मोजलं म्हणता! नळाचं पाणी, शेजारच्यांचं बोअर, पागोळीखाली धरलेलं पावसाचं पाणी, आंबा घाटाकडच्या झऱ्याचं बाटलीभर पाणी. बोअर चारशेच्या वर, झरा पन्नासाच्या आसपास! एकाच तालुक्यात एवढा फरक! या मीटरला पाण्यात क्षार एकूण किती तेवढंच कळतं. जडपणा नेमका मोजायचा तर वेगळ्या पट्ट्या मिळतात. पण दिशा कळायला मीटर पुरतो.

आणि इथंच माशांची दोन गावं वेगळी होतात. निऑन टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या जंगलातल्या ओढ्यांचं पाणी पालापाचोळ्यानं चहाच्या रंगाचं, अतिशय हलकं. हार्लेक्विन रासबोरा मलेशिया-सुमात्राकडच्या तसल्याच पाण्यातला. यांना आमच्या पावसाळी पाण्यासारखं पाणी मानवतं. उलट मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मध्य अमेरिकेकडचे, त्यांना जड पाणी लागतं. गप्पीही तसाच, जड पाण्यात जास्त खुलतो. म्हणजे शिरोळकडं जिथं बोअरचं पाणी खारवट येतं, तिथल्या माणसानं निऑनच्या मागं लागून पाण्याशी झगडण्यापेक्षा मॉली-प्लॅटीची टाकी करावी, झकास होईल. आणि आम्ही घाटाकडच्यांनी हलक्या पाण्याचे मासे ठेवावेत. जग पालथं घालून लोक असलं पाणी मिळवण्यासाठी महागडी गाळणयंत्रं बसवतात आणि आमच्याकडं ते आभाळातून ओततंय! हे कळलं त्या दिवशी मला आमच्या चिखलाचा, कुबट कपड्यांचा, चार महिने न वाळणाऱ्या भिंतींचा सगळा पावसाळा माफ करावासा वाटला.

मासे मात्र लगेच आणायचे नसतात. आधी झाडं. यामागची गोष्ट मला इतकी आवडली आहे की सांगतेच. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एका मोठ्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. कल्पना अशी, की वनस्पती प्राणवायू देईल, मासे तो घेतील. काही दिवस बरं चाललं, मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. तेव्हा त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा नितळ झालं! १८५० साली त्यांनी केमिकल सोसायटीपुढे हा प्रयोग मांडला आणि घरोघरच्या मत्स्यालयाचा पाया तिथं पडला. झाड, मासा, गोगलगाय, तिघं एकमेकांच्या आधारानं जगतात ही गोष्ट एका माणसानं काचेच्या भांड्यात उभी करून दाखवली. आणि ती व्हॅलिस्नेरिया? ती महाराष्ट्रातल्या नद्यांत-तळ्यांतही वाढते. लांब रिबिनीसारखी पानं प्रवाहात लोळत असतात, ती हीच. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो.

या व्हॅलिस्नेरियाचं लग्न तर बघण्यासारखं. नर फुलं बारीक कणांएवढी, ती तळाशी झाडापासून सुटतात आणि तरंगत वर येतात. मादी फूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत येऊन थांबतं. तरंगती नर फुलं वाहत येऊन तिला टेकतात, परागीभवन होतं, आणि मग तो देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जाऊन फळाला पाण्याखाली ओढून घेतो. बोटभर पाण्यात हे सगळं घडतं आणि आपण पुलावरून नदीकडं बघून पुढं निघून जातो!

तर झाडं आधी का? मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. तो साठला की त्याच्यासाठीच विष. पाण्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. या जिवाणूंची वस्ती गाळणीच्या स्पंजावर आणि वाळूवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. छंदी मंडळी याला 'टाकी सायकल करणं' म्हणतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासे आणायचे नाहीत, हा नियम दगडावरची रेघ समजा. कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज पिळून आणता आला तर काम लवकर होतं, कारण त्या मळातच ते जिवाणू असतात. आणि भराभर वाढणारी झाडं भरपूर लावली तर ती अमोनिया थेट खाऊन टाकतात. आपल्याला जे विष, ते त्यांचं खत!

मी डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंच्या पद्धतीनं टाकी लावली. १९९९ साली त्यांचं पुस्तक आलं आणि साध्या मातीवरच्या टाक्यांची लाटच आली. तळाशी बागेतल्या मातीचा इंचभर थर, वर इंचभर वाळू, भरपूर झाडं, थोडे मासे. महाग खतं नकोत, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको. मी जांभ्याची तांबडी माती चाळून घेतली, शेणखत न लागलेली. या मातीत लोह भरपूर, आणि लोहाशिवाय पानं पिवळी पडतात. वाळू मात्र मऊ, बारीक, स्वच्छ धुतलेली, कारण खाली कोरी येणार होते आणि टोकदार खडीनं त्यांच्या मिशा झिजतात.

झाडं लावताना आमच्या सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक काडी उचलली, मांसल बारकी पानं चोळून बघितली आणि म्हणाल्या, "आगं, ही तर ब्राम्ही! वड्याकाठाला पायाखाली येती की. पैसं दिलंस व्हय हिला?" दिले होते. दुकानात तिला बकोपा म्हणतात, आणि ती खरंच नीरब्राह्मी, ओलसर काठांवर पसरणारी, आयुर्वेदातली. पाण्याखाली बुडवली की ती जमिनीवर पसरायचं सोडून ताठ सरळ वर वाढते! त्याच पुडक्यात वॉटर विस्टेरिया होती, हायग्रोफिला. तिचा सख्खा नातलग म्हणजे आपला भातखाचराकडेचा काटेरी तालीमखाना, एकाच प्रजातीतले दोघं. परदेशी टाक्यांच्या चकचकीत फोटोंत आपल्याच ओढ्याकाठची मंडळी उभी असतात, हे बघून मला कोण आनंद झाला!

क्रिप्टोकोरिन हे माझं सगळ्यात लाडकं झाड. जागा बदलली की पहिल्या आठवड्यात त्याची पानं विरघळून जातात, नवख्या माणसाला वाटतं मेलं. मुळं शाबूत असतात. उपटायचं नाही, थांबायचं. मुळातून नवी पानं येतात आणि ती नव्या पाण्याला सरावलेलीच येतात. या कुळातली काही झाडं पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही आहेत. जावा फर्न आणि अनुबियास मात्र मातीत गाडायचे नसतात. त्यांचं आडवं खोड मातीखाली गेलं की कुजतं, म्हणून दोऱ्यानं लाकडाला नाहीतर दगडाला बांधायचं. दिवा सहा ते आठ तास बास. जास्त ठेवला तर झाडांपेक्षा शेवाळच माजतं.

आणि दुपारी झाडं पूर्ण रंगात आली की पानांच्या कडेवर बारीक बुडबुडे धरतात, एकेक सुटून सरळ रेघेत वर जातो. तो प्राणवायू असतो! पुस्तकात वाचलेलं प्रकाशसंश्लेषण मी या वयात डोळ्यांनी पाहिलं.

आता मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत माती-वाळू वजा जाता साठेक लिटर पाणी राहतं. एवढ्यात कोण कोण मावेल? मी वहीत तीन मजले आखले. वरच्या मजल्यावर हनी गोरामीची जोडी, मधल्यात हार्लेक्विन रासबोराचा थवा, तळाला कोरी. तिघांनाही चोवीस ते सव्वीस अंश तापमान चालतं, तिघंही हलक्या पाण्याचे, आणि कुणाचंही तोंड एवढं मोठं नाही की दुसरा त्यात मावेल. हा शेवटचा नियम हसण्यावारी नेऊ नका. मासा वाईट नसतो, पण तोंडात मावेल ते तो खातो. एंजलफिश दिसायला राजबिंडा, पण मोठा झाला की रात्रीत निऑन टेट्रा गट्ट करतो, कारण त्याच्या मूळ नदीतही तो तेच करतो.

हार्लेक्विनच्या अंगावर काळा त्रिकोण असतो, बाकी तांब्याचा रंग. एकटा-दुकटा ठेवला तर बावरून कोपऱ्यात बसतो, म्हणून निदान सहा तरी हवेतच. मी दहा आणले. थव्यात असले की रंग चढतो, नर एकमेकांपुढं पर पसरून मिरवतात. आणि ऐका: हे मासे अंडी घालतात रुंद पानांच्या खालच्या बाजूला, चक्क उलटं होऊन, आणि त्यासाठी त्यांना आवडतं क्रिप्टोकोरिनचंच पान! मासा आणि झाड दोन्ही एकाच मुलखातले, एकमेकांसाठीच घडलेले. मी अजून त्यांना अंडी घालताना पाहिलेलं नाही, पण रोज सकाळी त्या पानांखाली डोकावते.

हनी गोरामी आपल्याकडचाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पोटाखालचे दोन पर धाग्याएवढे बारीक, त्यांनी तो पुढच्या वस्तूला हात लावून बघितल्यागत चाचपतो. पानाला, दगडाला, शेजाऱ्यालाही. माझं बोट काचेला लागलं तर काचेलाही! नर रंगात आला की अंग मधाच्या रंगाचं होतं, गळा काळा. तरंगत्या झाडाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी त्यात ठेवून राखण करतो. म्हणून वर थोडी तरंगती झाडं हवीतच आणि गाळणीचा प्रवाह मंद हवा, नाहीतर घरटं फुटतं. तो कल्ल्यांशिवाय थेट हवाही घेऊ शकतो. कोरीलाही ही कला येते. तो सुर्रकन वर येतो, हवेचा घोट घेतो, आणि ती हवा त्याच्या आतड्यातून रक्तात जाते! पहिल्यांदा बघणारा घाबरतो, घाबरू नका.

निऑन टेट्राचा मोह कुणाला सुटत नाही, मलाही सुटला नव्हता. हलक्या पाण्याला तो उत्तम. पण साठ लिटरांत दोन मोठे थवे कोंबण्यापेक्षा एकच भरगच्च थवा ठेवावा असं माझं ठाम मत आहे. निऑनची एक गंमत मात्र नक्की बघा: रात्री अंधारात त्याचा निळा पट्टा फिका पडतो आणि पहाटे उजेड लागला की हळूहळू पुन्हा पेटतो.

हिवाळ्यात आमच्याकडं पहाटेचं पाणी चांगलंच गारठतं, मी हीटर लावला आहे. ज्यांना तो नको त्यांनी झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब बघावेत. दोन्ही भारतीय, दोन्हींना गारवा चालतो. झेब्रा डॅनिओ म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांतला तो पट्टेवाला मासा. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो भरून येतो, हे २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. चपळ, कायम धावपळीत, म्हणून टाकीला झाकण हवं, उडी मारतो.

काही मासे मी निक्षून नको म्हणते. टायगर बार्ब देखणा, पण गोरामीच्या त्या धाग्यांचे लचके तोडतो. गोल्डफिश गार पाण्याचा, आकारानं मोठा, घाण भरपूर करणारा, झाडं उपटून खाणारा. त्याचं घर वेगळंच असावं. केरळचा वाटाण्याएवढा पफर बघून जीव जडतो, पण तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो, त्याची टाकी निराळी. 'काच साफ करतो' म्हणून दोन इंची सकर गळ्यात मारतात, तो फूटभराहून मोठा होतो. आणि इंजेक्शन देऊन रंगवलेले काचमासे, अंगात गुलाबी-हिरवे पट्टे घातलेले, कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्या पारदर्शक माशाला सुई टोचून रंग भरतात. मूळ काचमासा, ज्याचा काटा न् काटा आरपार दिसतो, तो यापेक्षा शंभरपट सुंदर आहे.

वहीत उतरवता उतरवता माझ्या हाताला जे लागलं त्यानं मला रात्रभर झोप नाही. दुकानांत 'महाराजा बार्ब' म्हणून एक मासा येतो. त्याचं वर्णन ई. जी. सिलास यांनी १९५३ साली केलं, आणि तो मासा होता महाबळेश्वरच्या येण्णा खोऱ्यातला! शास्त्रीय नाव ठेवलं सह्याद्रीवरून. आमची कडवी वारणेला मिळते, वारणा कृष्णेला, येण्णाही कृष्णेला. म्हणजे तो आमच्या गोतावळ्यातलाच की! लाल पट्ट्याचा 'मिस केरळ', ज्याच्यासाठी परदेशी लोक रांगा लावतात, त्याच्या प्रजातीला २०१३ साली 'सह्याद्रिया' असं नाव मिळालं. (तो चांगला मोठा होतो आणि थव्यानं राहतो, दोन फुटी टाकीत त्याला आणू नका.) कोकण-गोव्याकडच्या ओढ्यांतल्या एका इवल्या बार्बचं वर्णन १९९२ मध्ये छापगर आणि साने यांनी केलं. त्यातले बी. एफ. छापगर हे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर होते, आणि ते मत्स्यालय १९५१चं. अगदी अलीकडे, २०२० साली, आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडात मुरीच्या जातीचा एक नवाच मासा सापडला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. म्हणजे अजून नव्या जाती सापडतायत, आपल्या पायाखालच्या पाण्यात!

मग ओढ्यातलेच आणून टाकीत सोडावेत का? मी सोडणार नाही. उगमाकडच्या या जाती एखाद-दोन ओढ्यांपुरत्या असतात, आणि वाहत्या गार पाण्याची सवय असलेला मासा दोन फुटी टाकीत झुरतो. मी त्यांना बघायला त्यांच्या घरी जाते. आमच्याच तालुक्यात बर्कीकडं, येळवण जुगाईकडं पाणी नितळ झालं की खडकावर पालथं पडून बघायचं. टाकीनं डोळा तयार झाला आहे, आता ओढ्यातही मजले दिसतात. वर कोण, मध्ये कोण, दगडाखाली कोण. टाकीसाठी मात्र तळ्यांत पैदास केलेलेच मासे घ्यावेत.

ऐन आषाढात घाटात झाडं पडली आणि वीज गेली, रात्र गेली, दुसरा दिवसही तसाच. गाळणी बंद. घरातल्यांनी माशांची आशा सोडली होती. मी हातातल्या बॅटरीनं टाकी बघत होते, आणि तिथं सगळं जागच्या जागी होतं. झाडं दाट, मासे मोजके, गोरामी आणि कोरी हवेवरही निभावणारे. झाडंसुद्धा रात्री प्राणवायू घेतात, त्यामुळे टाकी माशांनी ठासून भरलेली असती तर निभाव लागला नसता. थोडे मासे आणि पुष्कळ झाडं, हा आमच्यासारख्या लोडशेडिंगच्या मुलखातला खरा शहाणपणा आहे. मी त्या अंधारात एकटीच टाळ्या पिटत होते.

तुमच्याही मनात आलं असेल तर असं करा. आधी पाणी मोजा. टाकी भिंतीला लागून, भक्कम टेबलावर ठेवा, कारण पाणी-माती-काच मिळून ऐंशी-नव्वद किलो भरतात. ब्लिचिंग पावडर घातलेलं नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा, मग वापरा. मासे पिशवीसकट अर्धा तास टाकीत तरंगू द्या, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि मगच सोडा. खाणं चिमटीभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, ते काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, झाडं कशी तरारतात बघा. एकदम सगळे मासे आणू नका. आधी थवा, दोन आठवड्यांनी कोरी, शेवटी गोरामी.

आणि एक कळकळीची विनंती. पुढंमागं टाकी नको झाली, मासे फार वाढले, तर ते दुकानात परत द्या, ओळखीच्या छंदी माणसाला द्या, पण कडवीत, कासारीत, गावतळ्यात सोडू नका. छाटलेली झाडंही ओढ्यात फेकू नका, उन्हात वाळवून खतात टाका. पंचगंगा दरवर्षी झाकून टाकणारी जलपर्णी आपल्या देशात शोभेची वनस्पती म्हणूनच आली होती, आणि उजनी धरणाच्या जाळ्यांत आज सापडणारे सकर मासेही मुळात शोभेच्या टाक्यांसाठीच आणलेले होते.